हंगामात देवाचा नेम कसा सांभाळायचा

कोजागरी झाली की आमच्या गावात पहाटे साडेचारला काकड्याचे टाळ सुरू होतात ते कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, आणि नेमकं त्याच महिन्यात सोयाबीन काढायला आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी असते, मजूर भेटत नाही अन् पोरांच्या परीक्षा. मग वेचणीच्या धुऱ्यावर बसून भाकर खाता खाता सगळ्या बाया एकच म्हणतात, यंदा देवाचं काहीच झालं नाही वं माय. मीही लय वर्षं हेच म्हणत होती. आता म्हणत नाही, तर कसं जमवलं ते सांगते, कोणाच्या कामी पडलं तर बरं.

आधी वही घ्या अन् ऐन हंगामातला एक आठवडा जसा गेला तसा लिहून काढा. सणाचा आठवडा नको, साधा. माझा असा निघाला: पाचला उठणं, पाणी, स्वयंपाक, डबे, ढोरांचं, आठला वावरात, संध्याकाळी सहाला घरी, परत चूल, पोरांचा अभ्यास, अन् नऊ वाजता डोळे मिटून राहिले. मोकळा वेळ दिवसाला जेमतेम ४० मिनिटं, तोही तुकड्या तुकड्यानं. आणि त्यातला अर्धा मोबाईलवर जात होता, देवाचे फोटो अन् सुप्रभात पाठवण्यात. मला वाटे हेही देवाचंच हाय. आता सकाळी दिवा लावेपर्यंत मोबाईल कपाटात.

मग देवाच्या कामाचे तीन भाग करा. एक नेम, म्हणजे काही झालं तरी चुकणार नाही ते. दुसरं वर्षातून ठरल्या दिवशी येणारं. तिसरं सवडीचं. बहुतेकांची गडबड इथंच होते, सगळंच नेमात टाकतात.

माझीच गोष्ट सांगते. एका श्रावणात मी सोमवारचा उपास, रोज शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीचा एक अध्याय अन् संध्याकाळी पूर्ण हरिपाठ, असं तिन्ही धरलं. दिवसभर निंदण करून आल्यावर रात्री साडेनऊला पोथी उघडली, पोरगा गणित घेऊन आला तर मी त्याच्यावर खेकसली. सासूबाई खाटेवरून बोलल्या, "पोथी वाचून राह्यली का पोरावर खेकसून राह्यली वं? महाराज दोन्ही आयकून राह्यले." मी पोथी मिटली अन् रडली. त्या दिवसापासून नेम एकच ठेवला: तिन्हीसांजेला दिवा अन् हरिपाठाचे पाच अभंग. पूर्ण हरिपाठाला अर्धा तास लागतो, पाच अभंग भाकरी थापता थापताही होतात, अन् पोरं आपोआप मागून म्हणायला लागतात, माझ्या लहान्याचे असेच पाठ झाले. नेम एवढा लहान धरा की ताप आला तरी होईल. अन् तो रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका, दूध काढणं, चूल पेटवणं, वावरात जायच्या आधी तुळशीला पाणी, म्हणजे वेगळा वेळ शोधावा लागत नाही. घरधन्याचा नेम वेगळा राहू द्या. आमच्या यांना हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री लाइन असते, ते मोटर सुरू करून धुऱ्यावर बसून जप करतात. बसल्या जागी होतो, तेच त्यांना बरं पडतं.

एखाद्या दिवशी चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. दुप्पट ठरवलं की तेही होत नाही, मग आठ दिवसांचं साचते अन् माणूस नेमच सोडून देते.

आता वर्षाचं. चातुर्मास आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे आपलं डवरण, निंदण, फवारणी, सोयाबीन सगळं त्यातच. पंचांग तर बदलत नाही, मग आपणच मोठं काम पुढं-मागं करायचं. २१ अध्यायांचं पारायण मी माघात करते, प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला येतो अन् तोपर्यंत कापूस बराचसा घरात आलेला असतो. शेगावला जायचं तर गुरुवार सोडून जा, दर्शनाच्या रांगेतले तास वाचतात अन् समाधीपुढं दोन मिनिटं शांत उभं राहता येते.

महालक्ष्म्या मात्र सरकत नाहीत. भाद्रपदातले तीन दिवस घरात दुसरं काही होतच नाही, १६ भाज्या, आंबील, पुरणपोळी, सवाष्णी. आम्ही तिघी जावांनी पोळ्याच्या आधीच बसून वाटून घेतलं, भाज्या एकीकडं, पुरण एकीकडं, सजावट पोरींकडं. सजावट पहिल्यापेक्षा कमी केली, चार जणी बोलल्या, बोलू दिलं. उभ्या महालक्ष्म्यांसमोर बसून आरती म्हणायला पहिल्यांदा त्याच वर्षी भेटलं, नाहीतर आरतीच्या वेळी मी कढईपाशीच राहत होती.

अन् एक गोष्ट मला फार जवळची हाय. आश्विन वद्य पंचमीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, मोझरीच्या गुरुकुंजात ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. वेचणी सोडून तिथं जाणं दरवर्षी होत नाही. तर मोबाईलमध्ये पाच मिनिटं आधीचा गजर लावते, अन् आम्ही सगळ्या बाया जिथल्या तिथं, पाठीवर कापसाची ओटी तशीच, उभ्या राहतो. तेवढ्या वेळात वावरात फक्त वारा ऐकू येते. मजुरी कोणाची कापत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गावचा सप्ताह, शेजारच्या दोन गावांचे सप्ताह, भंडारे, हे सवडीचं. इथं नाही म्हणायला शिकावं लागते अन् ते जड जाते, कारण लोकं म्हणतात हिचा देवावर भरोसा नाही. मी आपल्या गावच्या सप्ताहाला एक पूर्ण दिवस देते, पहाटेपासून काल्याच्या पोळ्यांपर्यंत, बाकी दिवस वर्गणी अन् घरून रामराम. कीर्तन ऐकायला वेळ नसला तर मंदिर झाडून या. गाडगेबाबांनी हाती खराटा धरून गावंच्या गावं झाडली, ते आपल्याच अमरावतीकडचे, त्या कामाला कोणी कमी लेखू नये. अन् शेजारच्या म्हाताऱ्या आजीला दवाखान्यात न्यायचं असेल अन् त्याच वेळी भजन असेल तर मी आजीसोबत जाते, यात मला इचार करावा लागत नाही. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला असं आपले वारकरी सांगत आले, मग आपल्या वावराचं ओझं मनावर काहून घ्यायचं.

हे सगळं ठरवायला दिवस गुढीपाडव्याचा धरा. त्याच दिवशी सालदाराचं साल ठरते, वर्षाचा हिशेब निघते, घरातले सगळे एका जागी असतात. नवीन कॅलेंडर काढा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, पुण्यतिथी, प्रकटदिन अन् सप्ताहाचा आपला एक दिवस पेन्सिलनं गोल करा, पोरांनाही विचारा त्यांचा नेम काय. माझ्या पोरीनं यंदा तुळशीचं पाणी आपल्याकडं घेतलं.