लोहाची तपासणी : या चुका टाळा

"हिमोग्लोबिन 12.4 आलंय, मग काळजी कसली?" बहुतेकांचा विषय इथेच मिटतो. पण शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं. साठा आटल्यावरच हिमोग्लोबिन उतरू लागतं. सतत थकवा, केस गळणं, जिना चढताना धाप, बर्फ खावासा वाटणं असं काही असेल, तर नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. वयात येणाऱ्या आणि विशीतल्या मुलामुलींच्या बाबतीत ही चूक हमखास होते. साठा कळतो फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या रक्तातल्या पातळीवरून, आणि ते नेहमीच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) नसतं. वेगळं सांगावं लागतं.

फेरिटिनचा आकडा वाचतानाही गफलत होते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी व्यक्तीत 15 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली कमतरता धरते, तर अनेक डॉक्टर 30 च्या खालीच सावध होतात. काही लॅबची छापील मर्यादा याहूनही खालून सुरू होते, त्यामुळे 13 आकडा 'नॉर्मल' म्हणून सुटतो. उलट अंगात ताप किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन फुगतं आणि खरी कमतरता झाकली जाते. आजारपणात काढलेल्या चांगल्या रिपोर्टवर विसंबू नका, बरं वाटल्यावर पुन्हा तपासा.

फक्त सीरम आयर्न, म्हणजे त्या क्षणी रक्तात फिरणारं लोह, तपासून निष्कर्ष काढू नका. ते दिवसभरात वरखाली होतं, गोळी घेतली की चढतं.

मुलींना "पाळी नियमित येते ना?" एवढंच विचारलं जातं. विचारायला हवं ते वेगळंच : दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? मोठ्या गाठी पडतात का? सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? आईलाही तसंच व्हायचं म्हणून कित्येकींना यात वावगं वाटतच नाही.

मुलग्यांना यातून वगळू नका. झपाट्याने वाढणारे, लांब पल्ल्याचे धावपटू, वारंवार रक्तदान करणारे यांचाही साठा आटतो. वाढ पूर्ण झालेल्या तरुणात उघड कारणाशिवाय लोह कमी निघालं, तर पोटातून रक्त जातंय का, सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) आहे का, हे पाहायलाच हवं. नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही.

एमसीव्ही (सीबीसीत दिसणारा लाल पेशींचा सरासरी आकार) कमी पण फेरिटिन व्यवस्थित? मग थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराची) शंका घ्या आणि हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीबद्दल विचारा. अशांनी उगाच लोह घेत राहू नये.

आणि हिमोग्लोबिन वर आलं की गोळ्या सोडू नका. साठा भरायला साधारण आणखी तीन महिने जातात. त्यानंतर फेरिटिन पुन्हा तपासा.