जुनं पेडल घेतलंत? आधी पॉवर आणि जॅक बघा

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, सहा-सात वर्षं झाली, जुनी गिटार पेडलं (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या) जमवतोय आणि घरीच दुरुस्त करतोय. नवीन सुरू करताय त्यांना एकच सांगेन, लगेच सोल्डर गन गरम करू नका, जुन्या पेडलची बरीचशी दुखणी पॉवर आणि कॉन्टॅक्टमध्येच निघतात.

माझंच घ्या. बॉस कंपनीचं एक जुनं डीएस-१ पेडल आणलं, हे मॉडेल 1978 पासून येतंय, नेहमीचा 9 व्होल्टचा अडॅप्टर लावला तर एलईडी मिणमिणतोय आणि आवाजात जीवच नाही. मी खोलून दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे पार्ट) बदलले, फरक शून्य. मग खालच्या लेबलवर एसीए, म्हणजे बॉसच्या जुन्या अडॅप्टरचं नाव, लिहिलेलं दिसलं. बॉसच्या त्या काळच्या पेडलांना साधारण 12 व्होल्ट देणारा जुना अडॅप्टर लागायचा, आतलं सर्किट अडॅप्टरचं व्होल्टेज खाली आणायचं, म्हणून 9 चा अडॅप्टर कमी पडत होता. साधी 9 व्होल्टची बॅटरी घातली आणि एकदम खणखणीत वाजलं! म्हणून पहिली टेस्ट कायम बॅटरीवर करा. आणि लेबल न वाचता कुठल्याही पेडलला 12 व्होल्ट देऊ नका प्लीज.

फझ फेससारखी, जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असलेली जुनी फझ (आवाज फाटका करणारं पेडल) असेल तर अजून सांभाळून. त्यात पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर असतील तर सहसा ग्राउंड पॉझिटिव्ह असतो, म्हणजे इतर पेडलांच्या उलटा, बाकीच्या पेडलांसोबत एकाच पॉवर वायरवर लावलं की सप्लाय शॉर्ट होतो, त्याला वेगळी बॅटरीच द्या. पेडलांच्या रांगेत (चेनमध्ये) तिला गिटारच्या लगेच पुढे ठेवा, मध्ये बफर (सिग्नल जोरकस ठेवणारं सर्किट) आला की आवाज पातळ आणि कर्कश होतो. जर्मेनियमला उकाडा सोसत नाही, गरम झालं की लीकेज (नको असताना झिरपणारा करंट) वाढतं आणि बायस (ट्रान्झिस्टरचं ठरलेलं व्होल्टेज) सरकतो. मे महिन्यात दुपारी माझी फझ घसा बसल्यासारखी वाजते, रात्री एसीत तीच गाते. मल्टिमीटरने दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (त्याच्या तीन पायांपैकी एक) बघा, साडेचार व्होल्टच्या आसपास हवेत, पीएनपीत तेच मायनसमध्ये दिसतात.

नॉब फिरवताना खरखर येते? पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या पार्टच्या) फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, दहातली आठ पॉट तिथेच सुधारतात. जॅक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

कपॅसिटर खरंच गेला असेल, म्हणजे बॅटरीवर ठीक आणि चांगल्या अडॅप्टरवरही घूं येतंय, तर आधी फोटो काढा, कपॅसिटरवरची पट्टी कुठल्या बाजूला आहे ते बघा, व्हॅल्यू तीच आणि व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. गन जास्त वेळ टेकवू नका, जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी उखडते, ते जोडायला फार त्रास होतो.

आपल्याकडचा पावसाळा वेगळंच प्रकरण. वाजवून झालं की इनपुटची केबल काढा, ती खोचलेली असली की बॅटरी उतरत राहते. जूनपासून बॅटऱ्या पेडलातून बाहेर आणि पेडलं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पार्ट्स मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणतो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथे जाताना जुना पार्ट खिशात घेऊन जा.