एमबीएच्या वेटलिस्टवर आहात? या चुका टाळा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या बऱ्याच बिझनेस स्कूलांचे दुसऱ्या फेरीचे निकाल लागतात आणि माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न दरवर्षी एकच असतो: "सर, वेटलिस्ट लागलीय. नंबर कितीपर्यंत हलतो?"

सगळ्यात महागडी चूक या प्रश्नातच आहे.

आपण याद्यांवर वाढलेली माणसं आहोत. आयआयएममध्ये कॅटचे गुण, दहावी-बारावी-पदवीचे गुण आणि मुलाखत यांची बेरीज होते, प्रवर्गानुसार क्रम लागतो, वरचा उमेदवार दुसरीकडे गेला की खालचा एक घर वर सरकतो. सीईटीच्या कॅप राउंडलाही गुणवत्ता क्रमांकच चालतो. तिथे वेळेवर पैसे भरायचे आणि स्वस्थ बसायचं, हेच बरोबर. तिथल्या ॲडमिशन ऑफिसला पत्रं लिहून काही होत नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगतो.

अमेरिकेतल्या स्कूलांची वेटलिस्ट मात्र रेल्वेच्या आरएसीसारखी नसते. बहुतेक ठिकाणी तिला क्रमांकच नसतो. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्या डिपॉझिटच्या, म्हणजे जागा राखायला भरायच्या पैशांच्या, तारखा उलटल्या की ऑफिस बघतं, वर्गात कोण कमी पडलं. कन्सल्टिंगमधून आलेले कमी आहेत का, कारखान्यात काम केलेलं कुणी आहे का, मुली पुरेशा आहेत का, आशियातले किती झाले. मग ती जागा भरेल असं माणूस यादीतून उचलतात. ज्याच्या अर्जावरची शंका मधल्या काळात मिटली असेल, त्याचं नाव तेव्हा आठवतं. आयटीतल्या भारतीय इंजिनिअर मुलांची गर्दी त्या यादीत मोठी असते, त्यामुळे त्यांनी तर हातावर हात ठेवून बसूच नये.

सांगलीची एक मुलगी होती, चाकणच्या एका वाहनभागांच्या कारखान्यात नोकरीला. पहिल्या फेरीचा अर्ज, डिसेंबरात वेटलिस्ट. ती माझ्याकडे आली मे महिन्यात. मधल्या पाच महिन्यांत तिने काय केलं, असं विचारलं तर म्हणाली, "काहीच नाही, लिस्ट मेमध्ये हलते ना?" तिचा जीमॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, गणिताचा भाग कमजोर होता आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणितात केटी होती. अर्ज वाचणाऱ्याला शंका येणारच. जीमॅटच्या दोन प्रयत्नांमध्ये १६ दिवसांचं अंतर लागतं, म्हणजे पाच महिन्यांत ती नीट तयारी करून दोनदा बसू शकली असती. त्याहून वाईट वाटलं ते पुढे. फेब्रुवारीत तिला बढती मिळाली होती, नवी लाइन तिच्या ताब्यात आली होती, हाताखाली १४ माणसं होती. स्कूलला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. जुलैत नकार आला. पुढच्या वर्षी हीच बढती आणि सुधारलेला जीमॅट घेऊन तिने पुन्हा अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला. मला आनंद झाला, पण एक वर्ष उगाच गेलं याची हळहळ अजून आहे.

म्हणून निकालाचा ईमेल आला की आधी तो तीनदा वाचा. कित्येक स्कूलांना "मला यादीत राहायचंय" असं ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. नाही कळवलं की नाव निघतं. मग माझी एक सवय आहे, ती मी प्रत्येकाला लावतो: अख्खा अर्ज कागदावर छापून घ्यायचा आणि लाल पेनने वाचायचा. तुमचं भलं न चिंतणारा माणूस वाचतोय असं समजून. जिथे "हे पटत नाही" असं वाटेल तिथे खूण करायची. खुणा बहुधा तीन ठिकाणी पडतात: आकडे, कामाची खोली आणि एमबीए कशाला हवंय याचं उत्तर. सगळ्यात जास्त लाल जिथे असेल, तिथेच पुढचे दोन महिने घालवायचे.

आकड्यांबद्दल एक गैरसमज सारखा भेटतो. जीमॅटचं नवं रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. त्याची मोजपट्टी २०५ ते ८०५ आहे आणि गुण नेहमी ५ वर संपतात. आजचे ६४५ म्हणजे साधारण जुने ७००. चुलतभावाच्या काळातल्या ७२० शी स्वतःचे ६५५ ताडून मुलं खचतात आणि नको असताना परीक्षेला बसतात. गुण स्कूलच्या नेहमीच्या पट्ट्यात असतील तर परीक्षा सोडा, दुसरीकडे कष्ट घ्या. खरंच खाली असतील तर बसा, पण तयारी करून. दहा गुणांच्या वाढीने कुणाचं मत बदलत नाही. पदवीला गणित कच्चं दिसत असेल तर श्रेणी मिळणारा एखादा खरा अभ्यासक्रम करा. हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइनचा 'कोअर' त्यासाठी चांगला आहे, त्यात विश्लेषण, अर्थशास्त्र आणि हिशेब हे तिन्ही येतं. शनिवार-रविवारात सहा प्रमाणपत्रं गोळा करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं: वाचणाऱ्याला दोन तासांचा व्हिडिओ आणि दोन महिन्यांचा अभ्यास यातला फरक कळतो.

दुसरी चूक याच्या अगदी उलट टोकाची. ठाण्याचा एक मुलगा. हुशार, कामाला चोख. स्कूलने स्वच्छ लिहिलं होतं: एकच पत्र पाठवा, शिफारसपत्रं पाठवू नका. याने सहा आठवड्यांत नऊ ईमेल केले. मॅनेजरचं पत्र, कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, तिथे शिकलेल्या दोन जणांकडून फोन. शेवटी वडिलांनी ओळखीतून आमदारांचं पत्र मिळवलं, तेही गेलं. त्या घरातली काळजी मी पाहिली आहे. कुणीच वाईट हेतूने काही केलं नव्हतं, आपल्याकडे शब्द टाकला की काम पुढे सरकतं हा पिढ्यांचा अनुभव आहे. पण ऑफिसचं उत्तर आलं ते दोन ओळींचं: कृपया आमच्या सूचना पाळा. तिथल्या माणसाने त्या पत्रांतून एकच गोष्ट ओळखली असणार, की या मुलाला सांगितलेलं ऐकवत नाही. त्या नऊतला पहिला ईमेल मी सुचवला होता, स्कूलच्या सूचना स्वतः न वाचता. त्याची बोच मला आजही आहे आणि तेव्हापासून सूचना वाचल्याशिवाय मी कुणाला एक शब्द सांगत नाही.

एकच पत्र, एक पान. अर्जानंतर नवं काय घडलं ते तारखा आणि आकड्यांसकट. ज्या शंकेवर लाल खूण होती तिच्यासाठी काय केलं. आणि हीच स्कूल पहिली पसंती असेल तर "प्रवेश दिलात तर मी येईन" हे सरळ वाक्य. ते खरं असेल तरच लिहा. दोन स्कूलांना हेच वाक्य पाठवणाऱ्यांना मी मदत करत नाही. पत्राचा कच्चा खर्डा मी मराठीत लिहायला लावतो, हाताने. मराठीत पोकळ वाक्य लिहिताना आपल्यालाच लाज वाटते, इंग्रजीत ते सहज खपतं. मग इंग्रजी करायचं, दोन रात्री ठेवायचं, विशेषणं खोडायची, पाठवायचं. दुसरं पत्र स्कूलला चालत असेल आणि खरंच बातमी असेल तरच.

बाकीच्या चुका थोडक्यात.

एजंटकडून किंवा एआयकडून पत्र लिहून घेऊ नका. तुमच्या निबंधांचा आवाज त्यांच्याकडे आधीच आहे.

पद, पगार, टीमचा आकडा फुगवू नका. प्रवेशानंतर अनेक स्कूलं पडताळणी करतात आणि तिथे मिळालेली जागाही जाते.

विमानाचं तिकीट काढून न बोलावता ऑफिसच्या दारात उभे राहू नका.

हातात दुसरा प्रवेश असेल तर वेटलिस्टच्या भरवशावर तो सोडू नका. डिपॉझिट बुडालं तर किती बुडेल, हे घरी आधीच बोलून ठेवा.

आणि पैशाची कागदपत्रं. बोलावणं जूनमध्ये येतं, कधी जुलैत, आणि उत्तर द्यायला मोजके दिवस मिळतात. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतात. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी स्कूल देते तो कागद, मिळायला पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा लागतो, मग परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीचं सेविस शुल्क ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीची तारीख, तीही नेमक्या गर्दीच्या दिवसांत. पासपोर्टची मुदत आजच बघा. कर्ज तारणावर घेणार असाल तर हे ध्यानात ठेवा की बँका शेतजमीन तारण घ्यायला बहुधा तयार नसतात आणि घर आजोबांच्या नावावर असलं तर वारसनोंदीतच महिने जातात. कोल्हापूरच्या एका मुलीला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. घराची कागदपत्रं तिच्या वडिलांनी एप्रिलमध्येच बँकेत दिली होती, मंजुरीपत्र कपाटात होतं. तिने त्याच रात्री होकार कळवला.