नाशकात गप्पांचा कट्टा सुरू करायचाय? मग हे वाचा

आपल्याकडे व्याख्यानांना तोटा नाही. उन्हाळ्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे. पण तिथे बहुतेक वेळा एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. ज्याला नुसतं येऊन बसायचंय, चार अनोळखी लोकांशी एखाद्या विषयावर बोलायचंय, त्याने कुठे जायचं? त्यासाठी कट्टा. संस्था नको, अध्यक्ष नको, फक्त एक चिवट माणूस लागतो जो दर वेळी येणारच.

सगळ्यात आधी वार आणि वेळ पक्की करा. दुसरा आणि चौथा शनिवार, संध्याकाळी साडेसहा, (बँकवाल्यांनाही सुट्टी असते) असं एकदा ठरवलं की बदलायचं नाही. ग्रुपवर 'कोणाला कधी जमेल' असा पोल टाकलात तर संपलंच, सातपूर-अंबडवाला म्हणणार सेकंड शिफ्ट आहे, कोणाकडे लग्न, कोणाच्या पोराचा क्लास, आणि महिनाभर नुसती तारीखच ठरत राहते.

जागा अशी बघा की एकटी आलेली मुलगी आणि सत्तरीचे आजोबा दोघंही बिनधास्त बसू शकतील. म्हणून सुरुवातीला कोणाच्या घरी नकोच, अनोळखी माणूस बेल वाजवायला कचरतो. मिसळीची ठिकाणं रविवारी सकाळी विसरा, मागे वेटिंगवाले उभे असतात आणि तुमचा रस्सा संपायची वाट बघतात. गोदाघाट छान आहे पण बुधवारी बाजार भरतो, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की दुतोंड्या मारुतीपर्यंत नदी येते, तेव्हा तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. जवळची एखादी बाग बरी, फक्त ती किती वाजता बंद होते ते वॉचमनला आधी विचारून ठेवा. पावसाळ्यासाठी एक छपराची जागा आत्ताच बघा, संध्याकाळी रिकामं असणारं चहाचं हॉटेल किंवा सोसायटीचा हॉल चालेल. माईक अजिबात नको, माईक आला की पोलीस परवानगी आली आणि बोलणाऱ्याचं भाषण होतं ते वेगळंच.

विषय हाताला लागेल असा घ्या. 'लोकशाहीचं भवितव्य' म्हटलं की सगळे टीव्हीवर ऐकलेलंच बोलतात. त्यापेक्षा २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांतून आपल्या गल्लीला काय मिळायला पाहिजे, किंवा द्राक्षवाल्याच्या पोराला आज शेती करायचीय का, असं काही विचारा, मग दिंडोरीहून आलेला माणूस पण बोलतो आणि कॉलेज रोडवाला पण गप्प बसून ऐकतो.

आता खरी गोष्ट, नवा माणूस. तो आला की कोणीतरी उठून त्याला जागा द्यायची, शेजारी बसून आत्तापर्यंत काय बोलणं झालं ते दोन वाक्यांत सांगायचं. ओळख करून देताना नाव आणि कुठून आलात एवढंच. आडनाव, नोकरी विचारू नका, आपण लोक आडनाव ऐकलं की माणसाचं मत काय असणार ते स्वतःच ठरवून टाकतो. पहिल्या दिवशी तो काही बोलला नाही तरी चालतं, माईक फिरवल्यासारखं एकेकाला बळजबरी बोलायला लावू नका.

आणि प्रत्येक कट्ट्यावर एक रिटायर्ड काका असतातच, माणूस चांगला असतो पण थांबत नाही. त्यांना हसून, 'काका, एक मिनिट, ह्या ताईंचं राहिलंय' म्हणायचं, आणि हे पहिल्याच दिवशी म्हणायचं, महिनाभराने म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो. दहा-बाराच्या वर लोक झाले तर सरळ दोन घोळके करा, नाहीतर कडेचे लोक मोबाईल काढतात.

चहाचे पैसे ज्याचे त्याने. कोणी नगरसेवक होऊ इच्छिणारे भाऊ 'खुर्च्या मी देतो' म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा, पुढच्या वेळी मागे फ्लेक्स लागलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठेवा पण फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येईल असा, चर्चा तिथेच उरकली तर शनिवारी यायचं कशाला.

सुरुवातीला तिघंच येतील. तरी बसा, रद्द करू नका. पेपरात वाचून सिडकोहून दोन बस बदलून आलेल्याला रिकामा बाक दिसला तर तो परत येत नाही. आणि तुम्हाला गावी जायचं असेल तर नेहमी येणाऱ्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवा, विषय नसला तरी चालेल, साडेसहाला जाऊन बस.