द्या-घ्या कपाट सुरू करताय? आधी ते रिकामं कोण करणार ते ठरवा

घरात न लागणाऱ्या वस्तू एका जागी ठेवायच्या, ज्याला हव्यात त्याने न्यायच्या, पैशांचा विषयच नाही. कल्पना साधी आहे आणि प्रत्येक वस्तीत अशी एक तरी जागा असावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून आम्ही केलं त्यातलं जे कामाचं वाटलं ते सांगते.

सुरुवातीला सगळे विचारतात, वस्तू येतील कुठून? अहो, वस्तू ढिगाने येतात. जागा बंद पडते ती न गेलेल्या वस्तूंमुळे. आमचं जिन्याखालचं कपाट, तिसऱ्याच आठवड्यात त्याचं दार लागेना, वरच्या खणात एकच बूट, खाली झाकणाविना डबे, चार्जर नसलेले दोन फोन, आणि त्या सगळ्याच्या मागे एक अगदी नवीकोरी रजई, जी कोणाला दिसलीच नाही कारण लोक तो पसारा बघून थांबेनासे झाले होते.

तेव्हापासून एकच नियम आम्ही कडक पाळतो. वस्तू आली की मागच्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर तारीख टाकायची, चार आठवडे झाले की ती वस्तू निघाली. मग तिची फडकी करा, भंगारात द्या, ज्याची त्याला परत करा, पण कपाटात नको. आणि हे काम "सगळे मिळून बघू" म्हटलं की कोणीच बघत नाही, त्यामुळे दोघांची नावं ठरवा, दर आठवड्याला एक दिवस, अर्धा तास. अशी दोन माणसं मिळत नसतील तर थोडं थांबा, कपाट नंतर आणा.

पहिल्यांदाच करत असाल तर एकाच प्रकारच्या वस्तू घ्या, पुस्तकं सगळ्यात सोपी. 2009 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीत शाळेच्या इमारतीसारखं दिसणारं एक छोटं लाकडी खोकं करून घरासमोर लावलं, आत पुस्तकं, कोणीही न्या. त्याचीच पुढे 'लिटल फ्री लायब्ररी' झाली आणि आज जगभर अशी एक लाखाहून जास्त खोकी आहेत. खोकं लहान असलं की भरलेलं लगेच दिसतं आणि आवरायलाही दहा मिनिटं पुरतात. कपडे, खेळणी, भांडी हे सगळं नंतर.

आता अदलाबदल, म्हणजे एक ठेवा एक न्या. ऐकायला न्याय्य वाटतं पण कायमच्या जागेसाठी मला हे पटत नाही. तुमच्याकडे मला हवी ती खुर्ची आहे, पण माझ्याकडे तुम्हाला हवं असं काहीच नाही, मग खुर्ची तिथेच पडून राहणार, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडे द्यायला बहुतेक वेळा काही नसतंच. ही अडचण सोडवायला 1983 मध्ये कॅनडात मायकल लिंटन यांनी 'लेट्स' नावाची पद्धत काढली होती, त्यात दिलं-घेतलं ते खात्यावर मांडायचं, म्हणजे एकाला दिलं तरी घेता दुसऱ्याकडून येतं. पण हिशोब ठेवणारं माणूस लागतं. एका दिवसाचा कपड्यांचा मेळावा असेल तर मात्र टोकन छान चालतात, जितके कपडे आणले तितकी टोकनं, कारण सगळे साधारण सारखंच घेऊन येतात.

मोठ्या वस्तूंसाठी, कपाट, पलंग वगैरे, ग्रुपवर फोटो टाकणं बरं. इथे "पहिला मेसेज त्याची वस्तू" असं करू नका, ज्यांच्या हातात सतत फोन असतो त्यांनाच सगळं मिळतं. 2013 मध्ये सुरू झालेल्या 'बाय नथिंग' गटांमध्ये, म्हणजे शेजारी एकमेकांना वस्तू फुकट देतात त्या ऑनलाइन गटांमध्ये, लोक पोस्ट जरा वेळ तशीच राहू देतात आणि मग कोणाला द्यायचं ते ठरवतात. आम्ही एक दिवस थांबतो, भांडणं खूप कमी झाली.

आणि वही ठेवू नका. आम्ही ठेवली होती, नाव, घर नंबर, काय नेलं, मी स्वतः तिथे खुर्ची टाकून बसायचे. एक गृहस्थ तीनदा आले, शाळेची एक निळी बॅग उचलली, चेन उघडून बंद केली, आतले कप्पे बघितले, वहीकडे पाहिलं आणि बॅग परत खुंटीला लावून गेले. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी वही काढली, खुर्ची काढली, संध्याकाळपर्यंत बॅग गेली होती, कोणी नेली माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. ड्रिल, शिडी अशा परत यायच्या वस्तूंना नोंद लागते, कायमच्या दिलेल्यांना नाही. तिथे फोटोही काढू नका.

काही वस्तू मात्र सरळ नाकारा. वापरलेलं हेल्मेट, कारण आतला फोम एकदा दाबला गेला की पुन्हा तसं वाचवत नाही आणि बाहेरून काही कळत नाही. तेच गाडीतल्या बाळाच्या सीटचं. औषधं, उघडलेली क्रीमं, वायर सोललेली उपकरणं, वापरलेल्या गाद्या नकोतच. विजेची वस्तू देणाऱ्यासमोर लावून बघायची, चालली तरच ठेवायची, त्यासाठी कपाट शक्यतो प्लग असलेल्या भिंतीजवळ घ्या. कपडे धुतलेलेच घ्यायचे. ढेकणांची शंका आली तर ड्रायरमध्ये फुल हीटवर अर्धा तास फिरवा, ड्रायर नसेल तर पिशवीला गाठ मारून परत द्या, कपाटात एक मिनिटही ठेवू नका.