घरात एसी नाही अन् म्हातारं माणूस आहे? उन्हाळ्यात या चुका टाळा

आमच्याकडे मे महिन्यात ४५ म्हणजे काही बातमी नाही, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तर दरवर्षीचंच आहे. त्यामुळे ऊन म्हटलं की आपल्याला फक्त बाहेरचं ऊन दिसतं, आजीला सांगतो दुपारी बाहेर निघू नको, अन् जबाबदारी संपली असं समजतो. पण म्हाताऱ्या माणसाला ऊन घरात बसूनही लागतं, आणि बरेचदा आपण मायेनं दिलेल्या खोलीतच लागतं.

आमचंच सांगतो. नवीन स्लॅबची खोली बांधली अन् पहिली आजीला दिली, पक्की खोली, फरशी, पंखा, म्हटलं आता म्हातारीला आराम. आठ दिवस ती सकाळी म्हणायची रात्री झोप नाही लागत, आम्ही म्हणायचो वय झालं की झोप कमीच होते. एका रात्री साडेअकराला पाणी द्यायला गेलो तर आजी लुगड्याचा पदर भिजवून छातीवर टाकून बसलेली, अन् भिंतीला हात टेकला तर भिंत गरम, बाहेर अंगणात हवा सुटलेली तरी भिंत गरमच. त्याच रात्री तिची बाज उचलून जुन्या मातीच्या घराच्या छपरीत टाकली.

स्लॅब अन् सिमेंट दिवसभर ऊन पितं अन् रात्रभर सोडतं, हे साधं गणित आम्हाला सुचलंच नव्हतं. म्हाताऱ्या शरीराला रात्री थंड व्हायला मिळालं नाही की दुसऱ्या दिवसाचं ऊन आणखी जड जातं. म्हणून कवेलूची म्हणजे कौलांची, मातीच्या जाड भिंतीची खोली असेल तर तीच त्यांना द्या, मग ती कितीही जुनाट दिसो. स्लॅब किंवा टिनच असेल तर वरून पांढरा चुना मारा, अन् अंगणात तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव टाकताच ना आपण, तो त्यांच्या भिंतीच्या बाजूनं येईल असा टाका म्हणजे भिंत सावलीत राहते. फक्त चुलीपासून दूर, वाळलेल्या तुराट्या लवकर पेट घेतात.

दुसरी चूक खिडकीची. जीव घाबरा होतो म्हणून भर दुपारी खिडक्या उघडतो अन् लू सरळ आत घेतो. सकाळी नऊ-दहाला बंद करा, उन्हाच्या बाजूला ओलं पोतं लटकवा, सूर्य बुडून बाहेरची हवा उतरली की सगळं उघडा, रात्रभर उघडंच राहू द्या. डास असतील तर मच्छरदाणी लावा पण खिडकी बंद करू नका.

आता पाण्याचं, यात सगळ्यात जास्त फसगत होते. आपण विचारतो, आजी पाणी पाहिजे का, ती म्हणते "मले तहानच नाई लागली बापू," अन् आपण निघून जातो. ती खोटं बोलत नाही, वय झालं की तहान खरंच कमी कळते, घामही कमी येतो. म्हणून विचारू नका, तासा-दीड तासानं अर्धा ग्लास हातात द्या अन् पिईपर्यंत तिथं बसा, माठाचं पाणी, ताक, पन्हं, जे आवडेल ते. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, बरीच म्हातारी माणसं मुद्दाम पाणी कमी पितात, कारण संडास घरामागं सांदवाडीत, रात्री अंधारात उठायचं, गुडघे दुखतात, पडायची भीती. लाजेनं सांगत नाहीत. तिथं बल्ब लावा, धरायला बांबू ठोका, रात्री बाजेजवळ भांडं ठेवा, मग बघा पाणी आपोआप वाढतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच टाकायचं, ग्लासात अंदाजे घोळून द्यायचं नाही, अन् २४ तासांत संपलं नाही तर फेकायचं. बीपी, हार्ट, किडनीवाल्यांना मीठ अन् पाणी किती ते डॉक्टरला विचारा, लघवी होण्याची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधीच विचारा, पण मनानं गोळी बंद करू नका.

नुसत्या पंख्यावर विसंबू नका. खोलीतलं तापमान ४० च्या वर गेलं की पंखा गरम हवाच अंगावर मारतो, जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच सल्ला आहे. पण आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे अंग ओलं करून पंख्याखाली बसलं की फरक पडतो. दुपट्टा भिजवून मानेवर, हात-पाय पुसून ओले ठेवा, पाय बादलीत. लाईट गेली तर हातपंखा अन् ओलं कापड तरी आहेच. कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे, दारं-खिडक्या लावून कूलर चालवला तर खोली दमट होते अन् घाम वाळतच नाही. पाणी भरताना बटण नाही, प्लगच काढा. कूलरचा शॉक लागून आमच्या भागात माणसं गेली आहेत, म्हाताऱ्या माणसाला तर ओल्या हातानं कूलरला हात लावूच देऊ नका, आणि अर्थिंग तपासून घ्या.

खिशात कांदा ठेवतात, ठेवू द्या, त्यांच्या मनाला बरं वाटतं, पण कांदा आहे म्हणून दुपारच्या तेराव्याला किंवा लग्नाला नेऊ नका.

शेवटची चूक सगळ्यात महाग पडते. दुपारी बाबा असंबद्ध बोलायला लागले, तोल जातोय, ओळखत नाहीत, अंग तापलंय, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका अन् तापाची गोळीही देऊ नका, उन्हाच्या तापावर ती चालत नाही. घाम येत असला तरी ऊन लागलेलं असू शकतं. लगेच १०८ ला फोन, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका, मान, काख, जांघेत ओली थंड कापडं ठेवा अन् वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही टाकू नका, कुशीवर वळवा, अन् गाडी दारात येईपर्यंत पाणी टाकणं थांबवू नका.