जुन्या व्हिडिओ गेमसाठी नवा गेम लिहिताय? या चुका टाळा

लॅपटॉपवर गेम झकास चालतो. कॅसेटवर चढवून टीव्हीला जोडला की गाणं रेंगाळतं, पडद्याच्या वरच्या कडेला कचरा दिसतो आणि दुसऱ्या रिमोटवरून खेळ सुरूच होत नाही. पहिला गेम लिहिणाऱ्या बहुतेकांचा इथे हिरमोड होतो आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. थांबू नका. यातली एकही अडचण गूढ नाही. गेम लिहायला शिकवणारे लेख अमेरिकन मशीन धरून लिहिलेले असतात, तपासणी एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर) होते आणि गेम चालवायचा असतो आपल्या माळ्यावरच्या जुन्या व्हिडिओ गेम मशीनवर. बहुतेक घोळ यातूनच होतात.

निन्टेन्डोनं १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम आणलं आणि १९८५ पासून अमेरिकेत तेच मशीन एनईएस या नावानं विकलं. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या घरांत आले ते मुख्यतः फॅमिकॉमचे क्लोन, म्हणजे नकला: ६० पिनांची कॅसेट, अँटेनाच्या सॉकेटला लागणारी वायर आणि '९९९९ इन १'. हा लेख याच मशीनबद्दल आहे. या मशीनच्या २ केबी रॅमवर काय होतं असं कुणी विचारलं, तर २०१९ मध्ये आलेला 'मायक्रो मेजेस' दाखवा. अख्खा गेम ४० केबीत बसवलाय आणि एका वेळी चौघं खेळतात.

सर्वात मोठी चूक: ६० आणि ५०

अमेरिकेतला जुना टीव्ही एनटीएससी, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं). आपला जुना टीव्ही पाल, म्हणजे ५०. गेममध्ये चालणं, उडी, गाणं यांचा हिशोब दर फ्रेमला एकदा होत असल्यामुळे आपल्याकडे सगळंच एक षष्ठांशानं मंदावतं. गाण्यावरचा उपाय सोपा आहे: दर पाचव्या फ्रेमला संगीताचं रूटीन दोनदा बोलवा, म्हणजे पाच फ्रेममध्ये सहा ठोके पडतील. वेगाचे आकडे मात्र पालसाठी वेगळे ठेवा, १.२ पट. त्यासाठी पूर्णांकाऐवजी फिक्स्ड पॉइंट (अपूर्णांकाचा भागही साठवणारे आकडे) वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर बदलायला गेलात तर प्रत्येक उडी नव्यानं जुळवावी लागते.

एवढं कळल्यावर लोक एम्युलेटरमध्ये 'पाल' निवडतात आणि निश्चिंत होतात. खरी फसगत तिथेच आहे. युरोपात विकलेलं असली पाल एनईएस आणि पाल देशांतले बरेचसे क्लोन यांचं वेळापत्रक एकसारखं नाही. चित्र काढून झाल्यावर पुढचं चित्र सुरू होईपर्यंत जो मोकळा वेळ मिळतो, त्याला व्हीब्लँक म्हणतात, आणि पडद्याची मेमरी तेवढ्याच वेळात सुरक्षितपणे बदलता येते. असली पाल एनईएसवर तो पडद्याच्या ७० आडव्या ओळींइतका असतो, म्हणजे सुमारे ७,४५९ सायकल (प्रोसेसरचे ठोके). क्लोनमध्ये जास्तीच्या ५१ ओळी आधीच रिकाम्या जातात आणि व्हीब्लँकचा इशारा त्यानंतर मिळतो. हातात उरतात २० ओळी, सुमारे २,२७३ सायकल, म्हणजे अमेरिकन मशीनइतक्याच. 'पाल आहे, भरपूर वेळ आहे' म्हणून मोठं काम त्या वेळेत कोंबलं, की क्लोनवर पडद्यावर भलत्याच चौकटी उमटतात.

मेसेन या एम्युलेटरमध्ये 'डेंडी' नावाचा पर्याय आहे. डेंडी हा १९९२ साली रशियात निघालेला क्लोन. तपासणी त्या पर्यायावर करा. बजेट नेहमी २,२७३ चंच धरा आणि त्यातून स्प्राइटची (हिरो, शत्रू अशा हलत्या चित्रांची) यादी पाठवण्याचे ५१३-५१४ सायकल आधी वजा करा. या क्लोनचा प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर चालतो. अमेरिकन मशीनचा १.७९ आणि असली पालचा १.६६. त्यामुळे सुरांचा तक्ता एनटीएससीचा घ्या आणि लय पालची. उलट केलंत तर गाणं चढं लागेल. शिवाय काही क्लोनमध्ये चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली असते: लहर २५ टक्के वेळ वर राहायची तिथे ५० टक्के राहते आणि ५० च्या जागी २५. तुमची धून अशा मशीनवर किरटी किंवा भरड वाटली, तर कोडमध्ये दोष शोधत रात्र घालवू नका.

आणखी एक गोष्ट याच कुळातली. अमेरिकन टीव्हीवर वरच्या-खालच्या साधारण आठ-आठ ओळी झाकल्या जातात, म्हणून तिकडचे लोक स्क्रोलिंगचा कचरा तिथे लपवतात. पालवर त्या ओळी दिसतात. कचरा लपवायचाच असेल तर वरच्या पट्टीत स्कोअर ठेवून त्याखाली लपवा.

कधी चालतो, कधी चालत नाही

हे लक्षण दिसलं की आधी रॅम बघा. बऱ्याच एम्युलेटरमध्ये सुरुवातीला रॅम ठरावीक, स्वच्छ आकड्यांनी भरलेली असते. खऱ्या मशीनमध्ये चालू करताना तिथे काहीही असू शकतं. गेम सुरू होताच सगळी रॅम स्वतः पुसा, चित्राच्या चिपला हात लावण्याआधी दोन व्हीब्लँक थांबा आणि मेसेनमध्ये रॅम यादृच्छिक भरण्याचा पर्याय कायम चालू ठेवा.

पडदा मधूनच एक फ्रेम उसळत असेल, तर चित्राच्या चिपच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये लिहिल्यावर स्क्रोल पुन्हा बसवायचं राहिलंय. शत्रू लुकलुकत किंवा गायब होत असतील, तर एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट आलेत. दर फ्रेमला यादीचा क्रम फिरवा.

मराठी अक्षरं: इथे घाई नको

आपला गेम आपल्या भाषेत हवा, असं मला मनापासून वाटतं, आणि या मशीनवर ते नक्की जमतं. चूक होते ती इंग्रजी फॉन्टच्या पद्धतीनं जायची. इंग्रजी अक्षर ८ बाय ८ पिक्सेलच्या एका टाइलमध्ये (पडदा अशा तुकड्यांनीच भरतो) मावतं. त्यात देवनागरी कोंबली तर शिरोरेषेला एक ओळ, वर वेलांटीला दोन आणि खाली उकाराला दोन अशा पाच गेल्या, अक्षराला उरल्या तीन. तीन ओळींत 'ष' आणि 'प' वेगळे दाखवून बघा.

दोन टाइल उंची घ्या, म्हणजे १६ ओळी. वाटणी अशी करा: वरच्या चार वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वाराला, पाचवी शिरोरेषेला, पुढच्या सात अक्षराला, शेवटच्या चार उकाराला. या मशीनवर पार्श्वभूमीचे रंगही १६ बाय १६ च्या चौकटीतच ठरतात. त्यामुळे ओळ सम क्रमांकाच्या टाइलवर सुरू केली की रंग नेमके बसतात.

शिरोरेषा टाइलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पूर्ण आठ पिक्सेल ओढा. इंग्रजी फॉन्टच्या सवयीनं उजवीकडचा एक स्तंभ रिकामा सोडलात तर प्रत्येक अक्षरानंतर रेघ तुटेल आणि शब्द वाचताच येणार नाही. याउलट 'ध' आणि 'भ' यांच्या रेघेत डावीकडे फट हवीच. एका पिक्सेलची ती फट बुजली की 'धन'चं 'घन' होतं आणि 'भात'चा 'मात'.

अक्षरांचा तक्ता साठवून चालत्या गेममध्ये शब्द जुळवायच्या फंदात पडू नका. 'र' अरुंद, 'श' रुंद, त्यात जोडाक्षरं, आणि एका वेळी पार्श्वभूमीला टाइल फक्त २५६. त्यापेक्षा गेममधली सगळी वाक्यं आधी लिहून काढा, कॉम्प्युटरवर चित्र म्हणून मांडा, त्या चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे करा आणि एकसारखे तुकडे एकदाच ठेवा. संख्या हाताबाहेर गेली तर वाक्य छोटं करा: 'पुन्हा प्रयत्न करायचा आहे का?' ऐवजी 'पुन्हा?' पुरतं. अक्षरं हातानं, एकेक पिक्सेल ठेवून काढा. तयार फॉन्ट लहान करून घेतला तर वेलांट्यांचा चिखल होतो.

रिमोट

फॅमिकॉमच्या आणि त्यामुळे बऱ्याच क्लोनच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट नसतात. दुसऱ्या खेळाडूला ती बटणं लागतील असा खेळ आखू नका. बटण वाचताना फक्त खालचे दोन बिट बघा, बाकीच्यांत काहीही आकडे येऊ शकतात. झिजलेल्या रिमोटवर डावं-उजवं एकदम दाबलं जातं. त्या वेळी हिरो भिंतीतून आरपार जात नाही ना, हे एकदा तपासाच.

कॅसेट आणि करंट

फुंकर मारू नका. आपण सगळे फुंकर मारतच मोठे झालो, पण तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि पुण्याच्या पावसाळ्यात ती लवकर वाळतही नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या, पुसा, पूर्ण वाळू द्या. थिनर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं.

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मशीन मिळालं तर अॅडॅप्टरची पिन बसते म्हणून तो लावू नका. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. अमेरिकन एनईएसचा अॅडॅप्टर चक्क ९ व्होल्ट एसी देतो, आणि राउटरच्या अॅडॅप्टरचा मधला भाग सहसा पॉझिटिव्ह असतो. मशीनच्या बुडावरचं लेबल वाचा, मल्टिमीटरनं ध्रुव बघा, मगच जोडा. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या आणि दुसऱ्या मॉडेलचे ध्रुवसुद्धा एकमेकांच्या उलट आहेत.

स्वतःची कॅसेट बनवताना पुण्याच्या तपकीर गल्लीत चिप घ्यायला गेलात, तर व्होल्टेज विचारून घ्या. अॅडॅप्टर काहीही देवो, मशीनच्या आतल्या चिप ५ व्होल्टवर चालतात. हल्लीच्या बऱ्याच फ्लॅश चिप ३.३ व्होल्टच्या असतात. लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेज जुळवणारी चिप) न लावता जोडल्या तर काही दिवस चालतात आणि मग चिप तरी जाते नाहीतर मशीन. ३९एसएफ०४० ही ५ व्होल्टची, ५१२ केबीची चिप या कामाला चांगली. पीसीबी मागवताना जुन्या कॅसेटच्या बोर्डची जाडी व्हर्नियरनं मोजून तेवढीच सांगा. न सांगता ऑर्डर दिली की १.६ मिलिमीटरचा बोर्ड येतो, आणि जाड बोर्डानं स्लॉटच्या पट्ट्या कायमच्या फाकतात. कडेला उतार आणि पिनांवर सोन्याचा मुलामा मागा. थोडे पैसे जास्त जातील, पण इथे काटकसर नको.

नव्या टीव्हीवर स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर लावला तर मार लागलेला हिरो लुकलुकण्याऐवजी नुसताच गायब होऊ शकतो. मशीन २४० ओळींचं साधं चित्र पाठवतं, कन्व्हर्टर त्याला इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं) समजून दोन फ्रेम एकत्र करतो आणि एकाआड एक फ्रेम दिसणारी वस्तू नेमकी त्यात सापडते. दोन फ्रेम दाखवा, दोन लपवा, असा ताल ठेवलात तर लुकलुकणं दिसतं. उडी उशिरा लागते अशी तक्रार आली, तर कोड बदलण्याआधी तोच गेम जुन्या डबा टीव्हीवर खेळून बघा. तिथे उडी वेळेवर लागली तर उशीर कन्व्हर्टरचा किंवा टीव्हीचा आहे.